गॅस पास झाला का?

माझ्या नवऱ्याला मी 'जेवलात का' असं जितक्या वेळा विचारलं असेल, त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा मी परक्या पुरुषांना 'गॅस पास झाला का' असं विचारलं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्याचाच मला पगार मिळत होता. वर्ध्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात पुरुषांच्या सर्जरी वॉर्डाची मी इन्चार्ज सिस्टर होते, आणि पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या बाबतीत याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न नसतो.

या अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला तेव्हा त्यांना रुग्णसेवेविषयी काहीतरी प्रेरणादायी हवं होतं. मी म्हटलं, प्रेरणा वगैरे मला जमणार नाही, एका इंग्रजी क्रियापदाचे निरनिराळे अर्थ सांगते, चालेल का? त्या एकदम खूश झाल्या. भाषेवरचा लेख येणार म्हणून असेल. क्रियापद कोणतं, ते मी मुद्दामच सांगितलं नाही. फराळाची बशी शेजारी ठेवून हा अंक वाचणाऱ्यांची मात्र मी आताच माफी मागून ठेवते.

आधी धंद्याची गोष्ट. पोट उघडलं आणि आतड्यांना हात लागला, की आतडी रुसतात. माणूस भुलीतून जागा होतो, घरच्यांना ओळखतो, म्हशीची चौकशी करतो, पण आतडी झोपलेलीच असतात. तेवढ्यात वरून पाणी घातलं तर ते खाली उतरत नाही. पोट फुगतं, उलट्या होतात, टाके ताणतात. म्हणून नाकातून नळी, हाताला सलाईन आणि तोंडाला कुलूप. मग कधीतरी आत गुडगुड सुरू होते आणि खालून वारा सरतो. तो सरला की समजायचं, रस्ता मोकळा झाला. मग चमचाभर पाणी, मग चहा, मग वरणाचं पाणी, मग मऊ भात. हल्ली काही ऑपरेशनांनंतर डॉक्टर लवकर पाणी देतात, पण आतडं कापून जोडलेलं असलं की आमचे सर वाट पाहायचेच. ज्या गोष्टीसाठी घरी पोरांच्या पाठीत धपाटा बसतो, तिच्यासाठी आमच्या वॉर्डात अख्खी घरं देव पाण्यात ठेवून बसलेली असायची.

आता या गोष्टीला मराठीत शब्द नाही असं नाही. चांगला ठसठशीत शब्द आहे, तुम्हाला माहीत आहे, आत्ता तुमच्या मनात आलाही असेल. पण सकाळच्या राउंडला, मोठ्या सरांसमोर, बायामाणसांत तो उच्चारणार कोण? म्हणून इंग्रजीतलं 'पास' आमच्या मदतीला आलं. शब्द स्वच्छ, सुटसुटीत, इस्त्री केल्यासारखा. अडचण एवढीच की आमच्या जिल्ह्यात त्याला आधीपासून भरपूर कामं लागलेली होती. पोरगं दहावीला पास होतं, घरकुल पास होतं, एसटीचा पास काढावा लागतो. आणि गॅस म्हणजे तर लाल सिलिंडर. नर्सिंगच्या नव्या मुली हा प्रश्न विचारताना आधी खुदखुदायच्या. मी त्यांना सांगायची, बस आली का विचारतो ना, त्या आवाजात विचारा. आवाज जमायचा त्यांना, पण पुढच्या उत्तराला त्या तरी काय करणार?

अल्लीपूरच्या एका काकूंच्या नवऱ्याचं अपेंडिक्स फुटलं होतं. सकाळी ड्युटीवर आल्या आल्या मी त्यांना विचारलं, "काकू, गॅस पास झाला का?"

"नंबर लावला जी," काकू म्हणाल्या. "पन गाडी गावात सोमवारीच येते."

तळेगावच्या एका भाऊंना मुतखडा होता. डॉक्टरांनी सांगितलं, भरपूर पाणी प्या, स्टोन आपोआप पास होईल. पुढच्या खेपेला भाऊ खुशीत वॉर्डात शिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सिस्टर, आमचा गोटा पास झाला! पोरगा तीनदा बसला तरी नाई झाला, अन् गोटा पहा, पहिल्याच खेपेत!" पोरगा मागेच उभा होता. त्याने जमिनीकडे बघत वडिलांची पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन थांबला.

सर्वांत मोठा घोळ आमच्या गेटवर झाला. वॉर्डात जायला नातेवाइकांना दवाखान्याचा पास लागतो. वॉचमन हिंदी बोलणारा, नियमाचा पक्का. एका दुपारी एक म्हातारी डबा घेऊन आली. त्याने विचारलं, "माताजी, पास?"

म्हातारी म्हणाली, "नाई झाला जी अजून. कालपासून वाटच पाहून राह्यलो."

"बिना पास के अंदर नहीं जाने का."

म्हातारी बिचारी पायरीवर बसली. "मंग अथीच बसतो बाप्पा. झाला का सांगजा."

मी जेवणाच्या सुट्टीत खाली उतरले तेव्हा ती तिथेच होती. तिची समजूत अशी झाली होती की पेशंटचा वारा सरल्याशिवाय नातेवाइकांना आत सोडायचं नाही, असा या दवाखान्याचा कायदाच आहे. मोठ्या दवाखान्याचं काही सांगता येत नाही, असंही ती वर म्हणाली. मी तिला हाताला धरून वर नेलं आणि वॉचमनला सांगितलं की या माताजींचा पास मी आहे.

या शब्दाचा मला राग फक्त एकदाच आला. परप्रांतातून नुकताच आलेला एक तरुण डॉक्टर होता, स्वभावाने अगदी मऊ. एक पेशंट फार उशिरा आला होता आणि ऑपरेशनच्या टेबलावरून उतरल्यावर त्याने काही तग धरला नाही. या डॉक्टरने पॅसेजमध्ये त्याच्या बायकोला गाठलं आणि हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं, 'सॉरी, ही पास्ड अवे.' बाकीचं काही तिला कळलं नाही, तेवढा शब्द मात्र बरोबर कळला. तिचा चेहरा उजळला.

"पास झाले?" ती म्हणाली. "मंग आता पानी देऊ का त्याईले?"

मी ते ऐकलं आणि हातातला ट्रे तसाच खाली ठेवला. तिला बाकावर बसवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "बाई, तुमचे मालक गेले." पुढचं लिहीत नाही. डॉक्टर नंतर ड्रेसिंग रूममध्ये तोंड धुवत होता, बराच वेळ धुवत होता. त्याची काही चूक नव्हती. इंग्रजीत ते असं मायेनेच सांगतात. पण त्यानंतर आमच्या वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी पहिल्या दिवशी सांगत असे की वाऱ्यासाठी खुशाल इंग्रजी बोला, मरणासाठी नाही. लाजेच्या गोष्टीला परका शब्द चालतो, दुःखाच्या गोष्टीला आपलाच लागतो. मला अजून तसंच वाटतं.

आणि लाजेच्या गोष्टीत हाच परका शब्द माणसाला कसा वाचवतो, ते मी आंजीच्या आबाजींच्या वेळी पाहिलं. त्यांच्यानंतर मी तो प्रश्न राउंडला चारचौघांत विचारणं बंद केलं. पडदा ओढून, नातेवाइकांना बाहेर पाठवून, कानाशी जाऊन विचारायला लागले.

आबाजी मोठी आंजी या गावचे. वय सत्तरीच्या पुढे, मिशा पांढऱ्या आणि पीळदार. गावात धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण असो की सोयरिकीचं, शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या आतड्याला पीळ पडला होता. काळं पडलेलं आतडं कापून उरलेलं जोडावं लागलं. भूल उतरल्यावर लोक पाणी मागतात. आबाजींनी टोपी मागितली, कारण पलंगाच्या पायथ्याशी सून उभी होती.

सुनेचं नाव वंदना. घरात सासू नव्हती. आबाजींचा मुलगा गजानन पेरणीआधीच्या वावराच्या कामात अडकलेला, तो संध्याकाळी येऊन जायचा. दिवसभर वंदनाच. डोक्यावरचा पदर तिने एकदाही पडू दिला नाही. आणि या घरात सासऱ्याने सुनेशी, सुनेने सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, अशी जुनी रीत. वंदनाच्या मुलीने बारावीची परीक्षा दिली तरी रीत काही मोडली नव्हती. त्यामुळे दोघांच्या मध्ये पोस्टमन म्हणून माझी नेमणूक झाली.

"सिस्टर, त्याईले म्हना ऊन लय हाय, बाहेर फिरू नका." हे आबाजी, आणि वंदना दोन हातांवर उभी.

"सिस्टर, मामाजीले सांगा मी जेवली." मामाजी, म्हणजे सासरे, टक्क जागे.

पहिल्या दिवशी मी निरोप इकडून तिकडे पोचवले. मग सोडून दिलं. दोघांनाही ऐकू येतच होतं.

मे महिना होता. वर्ध्याचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. वॉर्डातला कूलर नुसता आवाज करायचा. आबाजींचे ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. आम्ही ओला कापूस फिरवायचो, तेवढंच. शेजारच्या पलंगावरचा माणूस बाटलीतून गटगट पाणी प्यायचा तेव्हा आबाजी भिंतीकडे तोंड करायचे. आणि रोज राउंडला मोठे सर, दोन छोटे डॉक्टर, चार विद्यार्थी, मी आणि पायथ्याशी वंदना एवढ्या सगळ्यांसमोर मी विचारायची, "आबाजी, गॅस पास झाला का?"

"नाई," आबाजी म्हणायचे. नळीमुळे आवाज घोगरा, पण ठाम.

सर पोट दाबून बघायचे, स्टेथोस्कोप लावायचे आणि बुचकळ्यात पडायचे. पोट तर मऊ लागत होतं. आवाजही आतून येत होते. मग खाली का काही सरकत नाही? शेवटी एका सकाळी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, जोडलेल्या जागी अडलं असेल. उद्या सकाळपर्यंत पाहू, नाहीतर स्कॅन करून पुन्हा उघडावं लागेल. मुलाला बोलावून घ्या." या वयात दुसऱ्यांदा भूल, दुसऱ्यांदा पोट. सर गंभीर होते. वंदनाने ते ऐकलं आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

सगळे गेल्यावर आबाजींनी मला खुणेने बोलावलं. "पुन्हा फाडतील काय, सिस्टर?"

"पास नाही झालं तर बघावं लागेल, आबाजी."

त्यांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "थोडं पानी तं द्या."

"पास झाल्याशिवाय कसं देऊ?"

त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, सुनेकडे नजर गेली, आणि मिटलं. मला वाटलं, घाबरले.

त्याच दुपारी मी टेबलाशी औषधांचा हिशेब लावत होते. वंदना येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"काय गं?"

"सिस्टर... पास झाले जी."

मी खुर्चीवरून उठलेच. तिच्या मुलीच्या बारावीच्या निकालाची चर्चा तिनेच दोन दिवस आमच्याशी केली होती. "अगं वा! निकाल लागला? किती टक्के?"

"तसं नाई जी..."

"मग कसं? सायन्सला होती ना?" तोवर दोघी सिस्टर जमल्या. पेढे पाहिजेत, नुसतं सांगून चालणार नाही, वगैरे सुरू झालं. वंदना कानापर्यंत लाल झाली आणि पाठ फिरवून निघूनच गेली. आम्हाला वाटलं, मार्क कमी पडले असतील. खरं तर 'पास झाली' आणि 'पास झाले' यातला फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो. बारावीच्या पोरीला तिची आई 'झाले' कशाला म्हणेल? पण पेढ्यांच्या नादात व्याकरणाकडे कोणाचं लक्ष?

दुसऱ्या दिवशी गजानन पहिल्या एसटीने आला. सर आले. त्यांनी त्याला काही न लपवता समजावून सांगितलं की धोका आहे, पण अडथळा असेल तर थांबण्यात जास्त धोका आहे. संमतीचा कागद पुढे केला. गजाननने पेन हातात घेतलं. धिप्पाड गडी, पण पेनाचं टोक कागदावर टेकेना. आबाजी डोळे मिटून पडलेले. मिशा थरथरत होत्या, तेवढ्यावरून जागे आहेत हे कळत होतं.

"सही नोका घेऊ जी."

आवाज वंदनाचा होता. आम्ही सगळे वळलो. तिने पदर कपाळावर ओढून घेतला होता आणि ती सरांशी बोलत होती, पण बघत होती फरशीकडे.

"मामाजी पास झाले. कालच झाले. मी पडद्यामागं उभी होती."

गजानन तिच्याकडे बघतच राहिला. "पास झाले? कशात पास झाले? काय बोलून राह्यली तू?"

वंदनाने पदर आणखी पुढे ओढला. सरांच्या ध्यानात आलं, माझ्या ध्यानात आलं, विद्यार्थ्यांच्या ध्यानात आलं. आणि पलंगावर आबाजींनी हळूच चादर वर ओढायला सुरुवात केली. छातीवरून हनुवटीवर, हनुवटीवरून मिशांवर, आणि शेवटी टोपीसकट आबाजी चादरीखाली गेले.

सरांनी वाकून विचारलं, "आबाजी, खरं आहे का?"

चादरीखालून आवाज आला, "दोन खेपा झालो."

"अहो, मग सांगितलं का नाही? आम्ही रोज विचारत होतो ना!"

"सुनेसमोर सांगाची गोष्ट हाय काय ते?" चादर म्हणाली. "अन् तुमी एकटे येता काय? वरातीसारखे येता, अन् मोठ्यानं विचारता. गावात इज्जत हाय आमची."

"त्या इज्जतीपायी मी तुमचं पोट फाडणार होतो!"

"मंग काय करतो? फाडा म्हटलं."

आधी शेजारच्या पलंगावरचा माणूस हसला. मग सर हसले, मग सगळा वॉर्ड. चादरही हलायला लागली. आतून आबाजी ओरडले, "हसवू नका बाप्पा, टाके तुटते!" गजानन मात्र हसत नव्हता. तो पलंगाचा दांडा धरून घळाघळा रडत होता आणि मधेमधे बायकोकडे बघत होता, जणू काही ती आज पहिल्यांदाच त्याला दिसत होती.

वंदनाने काय केलं, हे त्या घरातल्या माणसालाच नीट कळेल. सासऱ्याने वारा सोडला, हे सुनेने दहा पुरुषांसमोर सांगायचं. मराठीत ते तिच्याच्याने या जन्मात झालं नसतं. आणि ती गप्प राहिली असती तर रीत पाळली गेली असती आणि म्हातारा टेबलावर गेला असता. पोरगी पास होते, घरकुल पास होतं, तसेच मामाजी पास झाले. या एका शब्दाचा पदर डोक्यावर घेऊन ती बोलली.

सरांनी पुन्हा पोट तपासलं, गजाननच्या हातातून कागद काढून घेतला आणि मला म्हणाले, "सिस्टर, नळी बंद करून ठेवा. आणि पाणी सुरू करा, एक चमचा. राहिलं तर अर्ध्या तासाने दुसरा."

मी स्टीलच्या वाटीत उकळून गार केलेलं पाणी आणलं, चमचा आणला आणि गजाननपुढे धरला. त्याने वाटी घेतली नाही, बायकोकडे पाहिलं. वंदना पुढे आली. एवढी मोठी गोष्ट बोलून गेलेली बाई, पण चमचा भरताना तिने दोनदा पाणी सांडलं. आबाजींनी चादर खाली केली. तोंड उघडलं, पाणी घेतलं, ते जिभेवर धरून ठेवलं आणि मग डोळे मिटून गिळलं. डोळ्यांच्या कडेने पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही.

मग त्यांनी डोळे उघडले, सरळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून एक चमचा दे व माय."

वंदनाने वाटी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. सरांचा अर्ध्या तासाचा हुकूम तिने ऐकला होता. मी पलीकडच्या पलंगावरच्या पेशंटची सलाईन बघायला निघून गेले.